अठ्ठ्याहत्तरवर थांबलेला पडदा

बाबा गेले त्यानंतर मी दारव्ह्यातच राहिले. पुण्याला परत जायला मला कुणी अडवलं नव्हतं. बाबांना लकवा झाला तेव्हा कंपनीने घरून काम करायची परवानगी दिली होती. ती कुणी काढून घेतली नाही आणि पुण्यात पुन्हा खोली शोधायचं मीही मनावर घेतलं नाही. धाकटी बहीण नागपूरला, तिच्या संसारात. रविवारी तिचा फोन यायचा. तू तिथं एकटी काय करून राह्यली, असं ती दर वेळी विचारायची आणि काम करून राह्यली, असं मी सांगायची. ते खोटं नव्हतं.

पण माझं काम काय, हे गल्लीत कुणाला सांगता येत नव्हतं. शेजारच्या काकूंना वाटायचं की मी कॉम्प्युटरचे क्लास घेते आणि बिचारीकडे कुणी शिकायला येत नाही. एकदा त्या रेशन कार्डाची झेरॉक्स काढायला आल्या, माझ्याकडे ते मशीन नाही म्हटल्यावर टेबलावरच्या तारांकडे बघत परत गेल्या.

कोणत्याही यंत्रात, मग तो फोन असो की दवाखान्यातलं मशीन, पडद्यावर दिसतं त्या सगळ्याच्या खाली एक मूळ प्रोग्राम चालू असतो. त्याला कर्नल म्हणतात. यंत्रातल्या एखाद्या चिपला काही सांगायचं असलं, की ती एका तारेवरून कर्नलला खूण करते. कर्नल हातातलं काम बाजूला ठेवतो, त्या चिपचं ऐकून घेतो आणि पुन्हा आपल्या कामाला लागतो. या खुणेला इंटरप्ट म्हणतात. एकही खूण ऐकायची राहून जाऊ नये असा कोड लिहिणं, हे माझं काम. बारा वर्षं मी हेच करत आले आहे.

आमची टीम सहा जणांची. रोज सकाळी विहारातली वंदना संपून बराच वेळ झाला की साडेदहाला सगळ्यांचं एकत्र बोलणं व्हायचं. कॅमेरे बंद असायचे. कालचं काय झालं, आज काय करणार, एवढंच. दूधवाल्याशी झालेलं बोलणं धरलं तरी दिवसभरात मी मोठ्याने बोललेली वाक्यं बोटांवर मोजण्याइतकी असायची. हे माझ्या लक्षात आलं तेही उशिरा, एक दिवस भाजीवालीने भाव सांगितल्यावर माझा घसा साफच होईना तेव्हा.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला कुरियरने एक बोर्ड आला. लहान गावांतल्या दवाखान्यांत खाटेशेजारी ठेवायचं, पेशंटची नाडी दाखवणारं यंत्र त्यावर तयार होणार होतं. बोटाला चिमटा लावायचा. चिमट्यातल्या लाल उजेडावरून एक सेन्सर नाडी ओळखतो, पडद्यावर लहर चालत राहते आणि कोपऱ्यात मिनिटाचे ठोके दिसतात. त्या सेन्सरची खूण कर्नलपर्यंत पोचवण्याचा कोड माझ्याकडे होता. तपासायला पेशंट कुठून आणणार? मी डाव्या हाताच्या बोटाला चिमटा लावून उजव्या हाताने टाइप करायला शिकले. आपलीच नाडी दिवस दिवस समोर चाललेली बघायची सवय होते. बहिणीचा फोन वाजला की आकडा वाढायचा, हेही मला कळायला लागलं.

एका दुपारी चिमटा काढून टेबलावर ठेवला आणि जेवण वाढून घ्यायला गेले. ताट घेऊन परत आले तर पडद्यावर आकडा होता, अठ्ठ्याहत्तर. चिमटा रिकामा होता. बोट निघाल्याबरोबर आकड्याच्या जागी आडव्या रेघा यायला हव्या होत्या. लहर अर्ध्यावर थांबली होती आणि कोपऱ्यात अठ्ठ्याहत्तर तसाच. मी ताट हातात घेऊन उभीच राहिले. समजा तिथे माणूस असता आणि त्याची नाडी बंद पडली असती, तरी हे यंत्र अठ्ठ्याहत्तरच दाखवत राहिलं असतं.

बाबांच्या शेवटच्या आठवड्यात मी अशाच एका पडद्याकडे बघत बसले होते. त्या यंत्रात काही खोट नव्हती. पण झोप लागू नये म्हणून मी बाबांच्या तोंडाकडे कमी आणि त्या आकड्याकडे जास्त पाहिलं होतं, ते मला आठवलं.

यंत्र बंद करून चालू केलं की नीट चालायचं. मग दोन-तीन दिवसांनी पुन्हा थांबायचं. कोणत्या तारेवरून किती खुणा आल्या याची मोजणी कर्नल ठेवतो. सेन्सरच्या तारेची मोजणी थांबलेली असायची. म्हणजे कर्नलच्या मते सेन्सरने हाक मारलीच नव्हती. मी सकाळच्या बोलण्यात हे सांगितलं. पुण्यात तसेच दोन बोर्ड होते, ते आठ दिवस अखंड चालू ठेवले, एकदाही थांबले नाहीत. टीमच्या प्रमुखांनी शांतपणे विचारलं, तुमच्याकडची लाइट कशी असते? मी म्हटलं, जाते-येते. मग तेच असेल, असं ते म्हणाले.

मी म्हटलं, "सर, हे यंत्र जाणार आहे तिथेही लाइट जाते-येतेच."

मग ते बघू म्हणाले आणि पुढच्या माणसाचं काम सुरू झालं.

लाइट, म्हणजे आमच्याकडची लाइन, जाण्याशी याचा संबंध आहे हे मलाही दिसत होतं. पण लाइन दिवसातून दहादा जायची आणि नऊदा काही व्हायचं नाही. मी पुण्यातल्या एकाला प्लग काढून बघायला सांगितलं. त्याने तीनदा काढला, काही झालं नाही असं कळवलं. नंतर प्रमुखांचा मेल आला की महिनाअखेरीस बोर्ड परत पाठवा, दुसरं काम तुमची वाट बघत आहे. मेल सभ्य होता. मी तो चार-पाच वेळा वाचला. मला वाटायला लागलं होतं की चूक माझ्या घरातच असावी, त्या टेबलात, त्या खोलीत, किंवा माझ्यातच.

कर्नल सांगत होता की कुणी हाक मारली नाही. खरं-खोटं करायला कर्नलपेक्षा वेगळा साक्षीदार हवा होता, खुद्द त्या तारेवर काय चाललं आहे ते दाखवणारा. त्यासाठी ऑसिलोस्कोप लागतो. तारेतला विजेचा दाब वर-खाली होतो तो त्याच्या पडद्यावर रेषेत दिसतो. यवतमाळच्या एका कॉलेजात फोन केला तर त्यांनी कंपनीचं पत्र मागितलं. कंपनीकडे पत्र मागायची माझी हिंमत नव्हती. शेवटी बाबांची औषधं आणायची त्या दुकानात सहज विचारलं, तर दुकानदाराने बस स्टँडच्या मागच्या गल्लीत एक म्हातारे टीव्ही मेकॅनिक बसतात, चाचा म्हणतात त्यांना, त्यांच्याकडे पूर्वी असलं काहीतरी होतं, असं सांगितलं.

दुकान अरुंद होतं. बाकावर दोन मिक्सर उघडून ठेवले होते, भिंतीला जुन्या टीव्हींचे रिकामे खोके लावलेले. चाचा सत्तरीच्या पुढचे, पांढरी दाढी, जाड चष्मा. माझ्या हातातली पिशवी बघून त्यांनी आधीच सांगून टाकलं की एलईडीचं काम ते घेत नाहीत. त्यात पॅनल बदलतात, दुरुस्ती नसते.

मी म्हटलं, "चाचा, तुमच्यापाशी स्कोप आहे म्हणतात."

त्यांनी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "तुले स्कोप कायले पाहिजे?"

मी बोर्ड काढून बाकावर ठेवला आणि सांगायला लागले. किती वेळ बोलले कोण जाणे. इतके आठवडे साठलेलं सगळं बाहेर येत होतं, आणि त्यांना त्यातलं किती समजत होतं याची मला फिकीर नव्हती. ते मधे काही बोलले नाहीत. माझं संपल्यावर उठले आणि मागच्या फळीवरून चादरीत गुंडाळलेलं खोकं दोघांनी मिळून खाली घेतलं. तरुणपणी नागपूरच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून त्यांनी ते आणलं होतं, एसटीत मांडीवर ठेवून. आठ-नऊ वर्षांत लावलं नव्हतं. बटण दाबल्यावर बराच वेळ काहीच दिसेना. मग पडद्यावर हिरवा ठिपका आला, त्याची रेघ झाली.

"चालू हाय," चाचा म्हणाले, कुणाला तरी कळवावं तसं.

सेन्सरच्या पिनेला केसाएवढी तार जोडायची होती. त्यांची नजर आता तेवढी नव्हती, म्हणून त्यांनी भिंग धरलं आणि मी सोल्डर केलं. पहिल्यांदा तार पिनेवरून घसरली. मनगट बाकाला टेकव, श्वास सोड आणि मग लाव, असं त्यांनी सांगितलं. तिसऱ्या खेपेला लागलं. हिरवी रेघ सेकंदाला कितीतरी वेळा खाली टोचून वर येऊ लागली. सेन्सर हाक मारत होता, कर्नल ऐकून घेत होता.

त्यानंतर आम्ही लाइन जायची वाट बघत बसलो. स्कोप दुकानातल्या इन्व्हर्टरवर होता आणि बोर्डाला त्याची स्वतःची बॅटरी होती. आजूबाजूचे दुकानदार लाइन गेली की कपाळाला हात लावत. आम्ही दोघं पुढे सरकून पडद्याकडे बघायचो. पहिल्या दिवशी सहा वेळा गेली, काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी संकोचून म्हटलं की तुमचा उगाच वेळ घेते आहे. ते म्हणाले, या वेळेला इकडे कोणी येत नाही.

तिसऱ्या दिवशी तीनच्या सुमाराला पंखा थांबला आणि बोर्डाच्या पडद्यावरची लहरही थांबली. मी मोजणी पाहिली, तीही थांबली होती. चाचांचं लक्ष स्कोपकडे होतं.

"हे खाली बसलं," ते म्हणाले. "उठूनच नाही राह्यलं."

हिरवी रेघ तळाशी सरळ पडली होती. म्हणजे सेन्सरने तार दाबून धरली होती आणि तो हाक मारत होता. मी म्हटलं, "चिप आवाज देऊन राह्यली चाचा, अन् कर्नल म्हणते कोणी आलंच नाही."

त्यांनी थोडा विचार केला. "तुह्या घरी बेल कोणती हाय? एकदा टिंगटाँग करून गप होणारी, का बोट असेस्तोवर वाजणारी?"

"टिंगटाँग," मी म्हटलं, आणि लॅपटॉपवर आमचा कोड उघडला.

बोट दाबलं त्या क्षणाकडेच लक्ष दे, असं आमच्या कोडने कर्नलला सांगून ठेवलं होतं. कर्नल आधीची हाक निकालात काढून तिची नोंद पुसत असतो, नेमकं तेव्हाच सेन्सरने पुन्हा बोट दाबलं, तर जुन्या नोंदीबरोबर नवीही पुसली जायची. मग सेन्सर दारात बोट दाबून उभा आणि घरात शांतता. एरवी तो क्षण इतका लहान असतो की गाठ पडतच नाही. पण लाइन गेली की चार्जिंगची चिपही मधेच हाक मारायची, तिचं ऐकून घ्यायला वेळ लागायचा आणि तेवढा वेळ आमचा तो लहानसा क्षण ताणला जायचा. पुण्याच्या ऑफिसात लाइन कधी जातच नव्हती. बोट असेपर्यंत वाजणाऱ्या बेलसारखं ऐक, एवढं कर्नलला सांगितलं की काम भागणार होतं. त्यासाठी कोडात एक शब्द बदलायचा होता.

मी स्कोपचा फोटो आणि सगळं कारण लिहून पाठवलं. पुण्यात एकाने तो क्षण मुद्दाम मोठा करून पाहिला, त्याचा बोर्ड चार मिनिटांत थांबला. दुसऱ्या दिवशी प्रमुख म्हणाले, "तुमचं बरोबर होतं." मग पुढच्या माणसाचं काम सुरू झालं. इतक्या दिवसांनी ते वाक्य ऐकून मला जे वाटायला हवं होतं ते काही वाटलं नाही. मी लॅपटॉप मिटला आणि चाचांना सांगायला निघाले.

दुरुस्त केलेला कोड आता पंधरा दिवस चालवून बघायचा होता. ते घरीही करता आलं असतं. पण इथे लाइन जास्त जाते म्हणून इथेच बसते, असं मी चाचांना सांगितलं. आमचं घर आणि त्यांचं दुकान एकाच लाइनवर होतं आणि हे त्यांनाही माहीत होतं. त्यांनी दुसरं स्टूल पुसून ठेवलं.

त्या दुपारी आम्ही फार बोलत होतो असं नाही. ते मिक्सर खोलत, मी टाइप करत असे. कधी ते सांगत की एकेकाळी बोरी अरब गावापासून लोक बैलगाडीत टीव्ही घालून आणत आणि क्रिकेटची मॅच असली की दुकानाबाहेर सतरंजी टाकावी लागे. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. दोन्ही मुलं पुसदला, गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या धंद्यात. मी बाबांबद्दल सांगितलं, लकवा झाल्यावर दीड वर्ष त्यांना एक शब्दही बोलता आला नाही, तेही सांगितलं. हे मी बहिणीशीसुद्धा बोलले नव्हते.

एका दुपारी माझं बोट चिमट्याने दुखायला लागलं म्हणून चाचांनी आपलं बोट पुढे केलं. लहर सुरू झाली आणि मी पडद्याकडे वाकले. ठोके सारख्या अंतराने येत नव्हते. दोन जवळ जवळ, मग मोठी फट, मग तीन घाईघाईने. प्रत्येक खुणेबरोबर सेन्सर एक माप देतो, मधली काही मापं हरवली तर लहर अशीच दिसते. म्हणजे खुणा अजून हरवत होत्या, दुरुस्ती फसली होती. मी चाचांना काही बोलले नाही. घरी जाऊन सगळा कोड पुन्हा वाचला. सेन्सरच्या प्रत्येक मापाला क्रमांक दिला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांचं बोट मागितलं. हजारो मापं आली. एकही क्रमांक गळला नव्हता. मग माझं बोट लावलं, लहर घड्याळासारखी चालली. पुन्हा त्यांचं लावलं. दोन जवळ, मोठी फट, तीन घाईघाईने.

यंत्र बरोबर होतं.

मी त्यांना लगेच सांगितलं नाही, हे इथे लिहिलंच पाहिजे. चहा येईपर्यंत गप्प बसले. यांना सांगितलं तर मुलं घेऊन जातील आणि या दुपारी संपतील, असं माझ्या मनात आलं होतं.

चहा झाल्यावर म्हटलं, "चाचा, मशीनमधी काही खराबी नाही. तुमची नाडी चुकून राह्यली."

त्यांनी बोटावरचा चिमटा काढून ठेवला. मग हळूच म्हणाले, "फडफड होते कधी कधी. चक्कर येते. कोणाले सांगू? पोरं दुकान बंद करतीन."

त्यांना मुलाचा नंबर द्यायचा नव्हता. मी दोन दिवस मागत राहिले. शेवटी म्हटलं, लकवा झालेला माणूस मी दीड वर्ष पाहिला आहे, पुन्हा बघायची माझी ताकद नाही. तेव्हा त्यांनी ड्रॉवरमधली नंबरांची वही माझ्याकडे सरकवली.

डॉक्टरांकडे मीच घेऊन गेले. त्यांनी ईसीजीची पट्टी काढली आणि यवतमाळला पाठवलं. माझा फोन गेल्यावर थोरला मुलगा तिथे आला. कळलं की हृदयाची चाल बिघडली आहे, अशाने रक्ताची गाठ होऊन मेंदूत जाऊ शकते. वेळेत आणलंत, असं डॉक्टर मुलाला म्हणाले. मुलाने हात जोडून माझे आभार मानले आणि त्याच संध्याकाळी तो चाचांना गाडीतून पुसदला घेऊन गेला. गोळ्या आता कायमच्या. एकटं राहायचं नाही.

आठवड्याने चाचांचा फोन आला. स्कोप तू घेऊन ठेव, असं ते म्हणाले. मी गेले तर दुकान रिकामं झालं होतं. थोरल्या मुलाने जागा सोडताना सगळं सामान भंगारवाल्याला देऊन टाकलं होतं. त्याला त्यातलं काय कशाचं आहे हे माहीत नव्हतं. मी भंगाराच्या दुकानातही जाऊन पाहिलं. खोकं सापडलं, आतलं काही उरलं नव्हतं. फोनवर मी चाचांना घेऊन ठेवला म्हणून सांगितलं. तेवढं एक खोटं मी बोलले.

हा कर्नल जगभरातले लोक मिळून लिहितात, म्हणून त्यातली अशी दुरुस्ती सगळ्यांना दिसेल अशी नोंदवतात. खाली ती कुणी शोधली, कुणी तपासली ते नाव आणि मेलच्या पत्त्यासह लिहायचं असतं. चाचांना मेल नव्हता. म्हणून मी वरच्या मजकुरातच लिहिलं की हा दोष दारव्ह्याच्या एका टीव्ही मेकॅनिकने स्कोपवर तार पाहून ओळखला. प्रमुखांनी ते वाक्य अनावश्यक म्हणून काढलं. मी सकाळच्या बोलण्यात सांगितलं की ते काढत असाल तर माझंही नाव काढा. बारा वर्षांत मी असं काही पहिल्यांदाच बोलले होते. वाक्य राहिलं.

ती नोंद कागदावर छापून मी पुसदला गेले. घर मोठं होतं, माणसांनी भरलेलं. चाचा पलंगावर बसले होते, दाढी नीट कातरलेली, अंगावर नवा कुर्ता. तब्येत चांगली दिसत होती. सुनेने कागदावरचं इंग्रजी वाचून दाखवलं. दारव्हा हा शब्द आला तिथे त्यांनी तिला थांबवून पुन्हा वाचायला लावलं. किती दवाखान्यांत मशीन गेली, असं त्यांनी विचारलं. मला माहीत नव्हतं. आम्हाला ते कळवत नाहीत. टीव्ही चालू होता, पोरांचा गलका चालला होता, सून पुन्हा पुन्हा जेवायचा आग्रह करत होती.

निघताना ते फाटकापर्यंत आले.

"दुपार नाही जात बेटी," ते म्हणाले.

"माही बी नाही जात चाचा."

दिग्रसच्या जीपमध्ये खिडकीकडची जागा मिळाली.

त्यानंतर दोनदा गेले. मग नव्या बोर्डाचं काम आलं आणि जाणं राहत गेलं. आता फोन होतो. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून बहुतेक सूनच घेते. परवा दुपारी केला तर अब्बू आत्ताच झोपले म्हणाली, उठवू का? मी म्हटलं, असू दे, नको उठवू.